चौदा ते अठरा : किशोरवयीनांविषयीच्या शासकीय नियोजनाची चिकित्सा

गोषवारा

किशोरवयीन मुलामुलींच्या कल्याणासाठी व विकासासाठी गेल्या अडीच दशकांत केंद्र व राज्य शासनांनी अनेक योजना आखल्या. या योजनांची संख्या, त्यांची उद्दिष्टे व त्यांवरील खर्च यांची चर्चा वारंवार होते. तथापि या योजना वयाच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होतात आणि कोठे थांबतात, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. चौदाव्या वर्षाच्या आसपास शिक्षणाचा हक्क, शालेय पोषण आहार आणि श्रमापासूनचे संरक्षण या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी संपतात किंवा क्षीण होतात, आणि हेच वय शाळागळती व बालविवाह यांच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या संदर्भात या विसंगतीची चिकित्सा करून काही सूचना मांडल्या आहेत.

बीजशब्द : किशोरवय, शासकीय नियोजन, बालविवाह, शाळागळती, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम.

१. प्रस्तावना

ग्रामीण भागातील वरिष्ठ महाविद्यालयाला बहुधा कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते. एकाच इमारतीत अकरावीचा वर्ग भरतो आणि पदवीचाही. मराठवाड्यातील अशाच एका महाविद्यालयात अध्यापन करताना प्रस्तुत लेखिकेला एक गोष्ट दरवर्षी जाणवत आली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर अकरावीच्या हजेरीपटात काही नावांपुढे गैरहजेरीची सलग ओळ सुरू होते. चौकशी केली असता मैत्रिणी खाली पाहून सांगतात, "तिचं लग्न झालं, मॅडम," किंवा "घरचे कारखान्यावर गेले, तीपण गेली." पुढे परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळते आणि ते नाव आपल्या नोंदींतूनही निघून जाते.

या मुलीसाठी शासनाची एकही योजना नव्हती असे म्हणता येणार नाही. योजना पुष्कळ होत्या व आहेत. प्रश्न असा आहे, की ती पंधरा-सोळा वर्षांची असताना त्यांपैकी कोणती योजना तिच्यापर्यंत पोहोचू शकत होती? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. योजनांची अंमलबजावणी नीट होत नाही, निधी वेळेवर मिळत नाही, ही टीका आपल्याकडे नेहमीचीच आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. परंतु येथे त्याच्या एक पायरी मागे जावयाचे आहे. अंमलबजावणी निर्दोष झाली असे क्षणभर गृहीत धरले, तरी कागदावरील आराखड्यातच ही मुलगी कोठे दिसते काय, हे तपासावयाचे आहे.

२. योजनांचा मागोवा

जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ वर्षे हा किशोरवयाचा काळ मानला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या वयोगटातील भारतीयांची संख्या सुमारे २५.३ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून किंचित अधिक होती. एवढ्या मोठ्या समूहाचा नियोजनात स्वतंत्र विचार व्हावयास बराच काळ जावा लागला. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या व विकास परिषदेनंतर या विषयाला गती मिळाली. २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने किशोरवयीनांची गणना सेवांपासून वंचित राहिलेल्या गटांत केली. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी नियोजन आयोगाने किशोरवयीनांविषयी स्वतंत्र कार्यगट नेमला व त्याचा अहवाल २००१ साली सादर झाला.

प्रत्यक्ष योजनांचा आरंभ मात्र मुलींपासून झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजनेअंतर्गत किशोरी शक्ती योजना आली. पाठोपाठ २००२-०३ मध्ये ५१ जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींसाठी पोषण कार्यक्रम आला. ज्या मुलीचे वजन ३५ किलोपेक्षा कमी, तिच्यासाठी दरमहा ६ किलो धान्य, असे त्याचे स्वरूप होते. २०१० मध्ये या दोहोंची सांगड घालून 'सबला' ही योजना देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाली. ११ ते १८ वर्षे वयाच्या मुलींना दररोज ६०० उष्मांकांचा पूरक आहार, आरोग्य तपासणी, जीवनकौशल्यांचे शिक्षण आणि १६ वर्षांवरील मुलींना व्यवसाय प्रशिक्षण असा तिचा विस्तृत आवाका होता. आहारासाठी प्रतिदिन प्रतिमुलगी ५ रुपये ही तरतूद तुटपुंजी होती, हे खरे. परंतु ११ ते १८ हा संपूर्ण पट्टा एका योजनेच्या कक्षेत घेण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता.

आरोग्य विभागाच्या बाजूने २०१३ पासून साप्ताहिक लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा कार्यक्रम देशभर राबविला जाऊ लागला. शाळेतील 'निळी गोळी' ती हीच. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. संकल्पनेच्या पातळीवर हा कार्यक्रम आधीच्या सर्व प्रयत्नांपेक्षा सरस आहे, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसनाधीनता आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय त्याने हाती घेतले. मुले व मुली, विवाहित व अविवाहित, शाळेतील व शाळाबाह्य अशा सर्वांना त्याने आपल्या कक्षेत घेतले. दवाखान्याची वाट पाहत न बसता गावातील समवयस्क मुलामुलींनाच मार्गदर्शक बनवावे, अशी त्यामागील भूमिका आहे. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची केंद्रे 'मैत्री क्लिनिक' या नावाने ओळखली जातात. नाव सुंदर आहे. त्या नावाला नियोजन कितपत जागते, याचा विचार पुढे केला आहे.

३. वयाच्या सीमारेषा

या योजना व संबंधित कायदे एका ओळीत मांडून पाहिले असता पहिली विसंगती दृष्टीस पडते. आपल्या कायद्यांमध्ये किशोरवयाची एकच एक व्याख्या नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ ते १८ वर्षे वयाच्या व्यक्तीस 'किशोरवयीन' ठरविले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार १६ ते १८ वयोगटातील मुलावर घोर गुन्ह्याच्या बाबतीत प्रौढाप्रमाणे खटला चालविला जाऊ शकतो. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवकाचे वय १५ पासून सुरू होते. आरोग्य कार्यक्रमाचे किशोरवय १० ते १९ असे आहे. प्रत्येक कायद्याचा हेतू भिन्न असल्यामुळे वयाची मर्यादाही भिन्न असणार, हे समजण्यासारखे आहे. परंतु या मर्यादा एकमेकींशेजारी ठेवल्यावर १४ हा आकडा ज्या रीतीने पुढे येतो, तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आठवीपर्यंत शिक्षण हा हक्क आहे. नववीपासून ती पालकांची ऐपत व इच्छा यांवर सोपविलेली बाब होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार शाळेतील मध्यान्ह भोजन १४ वर्षांपर्यंत किंवा आठवीपर्यंत मिळते. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. तोच विद्यार्थी जूनमध्ये नववीच्या वर्गात बसला, की महाराष्ट्रात त्याच्या वाट्याचे हे ७०० उष्मांक शून्य होतात. त्याची भूक मात्र त्याच काळात वाढलेली असते. श्रमाच्या बाबतीतही तेच घडते. १४ वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास मनाई आहे. कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेव्यतिरिक्त मदत करणे व बालकलाकार म्हणून काम करणे हे त्याचे अपवाद. १४ पूर्ण होताच धोकादायक ठरविलेले व्यवसाय व प्रक्रिया वगळता इतर कामांची वाट मोकळी होते.

म्हणजे पंधराव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या मुलाचा शिकण्याचा हक्क संपलेला असतो, शाळेतील जेवण थांबलेले असते आणि मजुरीचे दार उघडलेले असते. या तीन गोष्टी तीन स्वतंत्र विभागांनी, तीन स्वतंत्र कारणांसाठी ठरविलेल्या आहेत. कोणत्याही एका विभागाला दोष देता येत नाही. परंतु दारिद्र्यात जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे एकच संदेश देतात : आता या मुलाला शाळेत ठेवण्याचे कारण उरले नाही. २०२१-२२ च्या शालेय शिक्षणविषयक शासकीय आकडेवारीनुसार देशातील गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते. आठवी व नववी यांच्या सीमेवर हा आकडा चौपटीहून अधिक होतो. या वाढीची कारणे अनेक आहेत. गावात माध्यमिक शाळा नसणे, शाळेचे अंतर, अभ्यासाची काठिण्यपातळी, घरची कामे या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु ज्या ठिकाणी ही सर्व कारणे एकवटतात, नेमक्या त्याच ठिकाणी शासनाने आपला हात काढून घ्यावा, हे नियोजनाचे यश म्हणता येणार नाही.

मुलींच्या आहारयोजनेचा नंतरचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. २०१७ मध्ये केंद्र शासनाने 'सबला'ची पुनर्रचना केली. प्रतिदिन तरतूद ५ रुपयांवरून ९.५० रुपये झाली आणि २०१८ पासून योजना देशभर लागू झाली. त्याच वेळी तिची व्याप्ती ११ ते १४ वर्षे वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती सीमित करण्यात आली. वास्तविक, शिक्षणहक्क कायद्यानुसार या वयाची एकही मुलगी शाळेबाहेर असता कामा नये. म्हणजे एका कायद्याच्या अपयशातून जेवढ्या मुली उरतील, तेवढ्याच या योजनेच्या लाभार्थी. १४ ते १८ वयाच्या मुली, ज्यांना शाळेतील भोजनही मिळत नव्हते, त्या पूर्णतः वगळल्या गेल्या. हे वैगुण्य पुढे शासनाच्याही लक्षात आले. पोषण २.० अभियानात ही योजना १४ ते १८ वयोगटाकडे वळविण्यात आली. परंतु ती वळविताना दुसरी एक मर्यादा आली. तिचा विचार पुढील विभागात केला आहे.

४. जिल्हा हे एकक

पोषण २.० मधील किशोरवयीन मुलींसाठीची योजना ईशान्येकडील राज्ये आणि देशातील आकांक्षित जिल्हे एवढ्यांपुरती आहे. आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे चार जिल्हे आहेत. हे जिल्हे मागास आहेत व त्यांना अग्रक्रम मिळावा, याबद्दल दुमत नाही. परंतु या जिल्ह्यांची निवड करताना आरोग्य, शिक्षण, मूलभूत सुविधा अशा अनेक निकषांचा एकत्रित विचार झाला होता. किशोरवयीन मुलींची स्थिती हा त्या निवडीचा आधार नव्हता.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के आणि बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के होते. परभणी व बीड हे दोन्ही जिल्हे आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाहीत. म्हणजे ज्या जिल्ह्यात जवळजवळ दर दुसऱ्या मुलीचा विवाह सज्ञान होण्यापूर्वी होतो, तेथील पंधरा वर्षांची मुलगी या आहारयोजनेस पात्र नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याची सीमा ओलांडली, तर मात्र ती पात्र ठरते.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. ऊसतोडीचे काम 'कोयत्या'वर, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीवर उचल देऊन होते. त्यामुळे लग्न हा येथे मजुरीच्या व्यवहाराचाही भाग बनतो. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती, फडावर सोबत नेण्याची भीती आणि नवा कोयता जोडल्याने मिळणारी उचल यांच्या कात्रीत सापडलेले आईबाप मुलीच्या विवाहाचा निर्णय घेतात. हा निर्णय केवळ अज्ञानातून येतो, असे मानून जनजागृतीच्या फेऱ्या काढणे हे या प्रश्नाचे फारच वरवरचे आकलन ठरेल. या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावे शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. किशोरवयीनांच्या संदर्भात ही योजना सर्वांत अर्थपूर्ण मानावी लागेल, कारण आईबाप सहा महिने नसताना मुलीने कोठे राहावयाचे, या खऱ्या प्रश्नाला ती हात घालते. तिचे यश प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी किती जागा प्रत्यक्ष उपलब्ध होतात, यावर अवलंबून राहील.

जिल्हा हे प्रशासनाच्या सोयीचे एकक आहे. किशोरवयीनांची जोखीम मात्र जिल्ह्याच्या सीमेने ठरत नाही. ती कुटुंबाच्या उपजीविकेने, स्थलांतराने आणि वयाने ठरते.

५. लाभार्थी की व्यक्ती?

नियोजनाच्या भाषेकडे पाहिले असता दुसरे वैगुण्य दिसते. किशोरवयीन मुलीचा विचार तेथे बहुधा भावी माता म्हणून होतो. तिच्या रक्तक्षयाची चिंता पुढील पिढीच्या कमी वजनाच्या बालकाशी जोडून मांडली जाते. हा संबंध वैद्यकीयदृष्ट्या खरा आहे. परंतु तिला आज थकवा येतो, वर्गात चक्कर येते, ही गोष्ट स्वतःच्या बळावर नियोजनात जागा मिळविण्यास पुरेशी ठरत नाही. या दृष्टिकोनाचे फलितही समाधानकारक नाही. १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये ५४.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्के झाले. महाराष्ट्रात ते ४९.७ वरून ५७.२ टक्क्यांवर गेले. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेल्या या मोजणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. म्हणून ही वाढ नेमकी किती, याविषयी सावध राहावे. परंतु निळी गोळी सुरू झाल्यानंतरच्या काळात घट दिसत नाही, एवढे तरी नोंदवावेच लागते. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने मळमळ होते आणि मुली ती टाळतात, हे कोणतीही शिक्षिका सांगू शकेल. आहार थांबविणारा विभाग वेगळा आणि गोळी देणारा विभाग वेगळा असल्यावर दुसरे काय होणार?

मुलग्यांचा विचार तर याहूनही कमी झाला आहे. महिला व बालविकास विभागाच्या वर उल्लेखिलेल्या सर्व योजना मुलींसाठी आहेत. मुलींची स्थिती पाहता त्यांना प्राधान्य मिळणे न्याय्यच आहे. परंतु ज्या मुलाने पुढे पती व पिता व्हावयाचे, त्याच्याशी समतेविषयी, हिंसेविषयी, व्यसनाविषयी कोणी आणि कोठे बोलावे, याचे उत्तर नियोजनात अस्पष्ट आहे. आरोग्य कार्यक्रमात मुलग्यांना स्थान आहे, तथापि शाळा सोडून गॅरेजमध्ये किंवा फडावर काम करणारा सोळा वर्षांचा मुलगा दुपारी सुरू असलेल्या केंद्रात समुपदेशनासाठी येईल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

तिसरा मुद्दा विश्वासाचा आहे. २००५ साली शाळांमधून किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. २००७ मध्ये त्यातील लैंगिक शिक्षणाच्या आशयावरून महाराष्ट्रात मोठे वादंग झाले आणि राज्याने तो थांबविला. इतर काही राज्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. त्या पुस्तकांतील काही चित्रे व मजकूर याविषयीचे आक्षेप विचारात घेऊन त्यांत सुधारणा करता आली असती. परंतु विषयच बाजूला सारला गेला. किशोरवयीनांना त्यांच्या शरीराविषयी शास्त्रीय माहिती द्यावी की नाही, यावर एकमत होत नसलेला समाज त्यांच्या कल्याणाची योजना मात्र एकमताने मंजूर करतो, हा विरोधाभास तेव्हापासून कायम आहे.

त्यात कायद्याने आणखी एक पेच निर्माण केला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही आणि अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. लैंगिक अत्याचाराविरुद्ध असा कठोर कायदा आवश्यकच होता. परंतु किशोर स्वास्थ्य कार्यक्रम गोपनीयतेचे आश्वासन देतो आणि कायदा समुपदेशकास माहिती दडविण्यास मनाई करतो. अशा वेळी सतरा वर्षांच्या मुलीने 'मैत्री'च्या दारात पाऊल कोणत्या भरवशावर टाकावे? सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपाताच्या संदर्भात, अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट केले. हा दिलासा मोठा आहे. पण तो गर्भपाताच्या टप्प्यावरचा आहे. त्याच्या कितीतरी आधी, प्रश्न विचारण्याच्या टप्प्यावर, मुलगी एकटीच असते.

मराठीत किशोरवयीनांना आदराने संबोधण्याची परंपरा नाही असे नाही. बालभारतीने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले, तेव्हा या वयाच्या मुलामुलींकडे स्वतःची जिज्ञासा व स्वतःची रुची असलेले वाचक म्हणून पाहिले. तीही शासनाच्याच आश्रयाने चाललेली संस्था होती. 'वाचक' या शब्दात समोरच्याच्या बुद्धीवर जो विश्वास आहे, तो 'लाभार्थी' या शब्दात नाही. योजनांची आखणी करताना किशोरवयीनांना कधी काही विचारले गेले काय, या प्रश्नाचे मूळ या शब्दभेदात आहे.

६. अन्य राज्यांचे अनुभव

वयाच्या नेमक्या वळणावर योजना आखता येते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. तामिळनाडूत व शेजारच्या कर्नाटकात शाळेतील भोजन दहावीपर्यंत दिले जाते. बिहारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्क्यांची वाढ झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातील मुलींच्या बसगाड्या व सायकली आणि अहिल्यादेवी होळकर यांच्या नावे बारावीपर्यंतच्या मुलींना मिळणारा एस. टी.चा मोफत पास यांचे मोल आपण प्राध्यापक जाणतो. सकाळची गाडी रद्द झाली की अर्धा वर्ग रिकामा दिसतो, तेव्हा त्या पासचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उलटपक्षी, केवळ रोख रक्कम देऊन विवाहाचा निर्णय बदलतोच, असे नाही. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये सुरू केलेल्या कन्याश्री योजनेत शिकणाऱ्या अविवाहित मुलीस वार्षिक शिष्यवृत्ती आणि अठराव्या वर्षी २५ हजार रुपये मिळतात. या योजनेस २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार लाभला. तथापि त्या राज्यातील अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या पाहणीत ४१.६ टक्के होते व पाचव्या पाहणीतही ४१.६ टक्केच राहिले. महाराष्ट्राची 'लेक लाडकी' योजना याच धर्तीची आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीस जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठराव्या वर्षी ७५ हजार रुपये, असे तिचे टप्पे आहेत. सहावी ते अकरावी या सर्वांत निसरड्या पाच वर्षांत एकही टप्पा नाही. आणि या योजनेतील पहिली मुलगी पंधरा वर्षांची होईल, तेव्हा २०३८ साल उजाडलेले असेल.

७. एका आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाऊ शकतो, की शासनाची साधने मर्यादित आहेत. सर्वांना सर्व काही देता येत नाही. म्हणून लहान बालके व मागास जिल्हे यांना अग्रक्रम देणे हेच शहाणपणाचे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु लहानपणी केलेली गुंतवणूक चौदाव्या वर्षी अर्ध्यावर सोडून दिली, तर पहिल्या खर्चाचेही पुरेसे फळ मिळत नाही. आठ वर्षे शाळेत जेवू घालून व शिकवून नवव्या वर्षी जिला लग्नाच्या मांडवात जाऊ दिले, त्या मुलीवर झालेला खर्च कोणत्या हिशेबात वाचला? शिवाय येथे नवीन योजनांची मागणी नाही. चालू योजनांच्या वयमर्यादा एकमेकींशी जुळवून घेण्याची मागणी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते १८ वर्षे वयाच्या सर्वांना २०३० पर्यंत शालेय शिक्षणात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिक्षणाचा हक्क मात्र अजून १४ पाशीच थांबलेला आहे. धोरण अठरापर्यंत आणि हक्क चौदापर्यंत, ही तफावत भरून काढल्याखेरीज त्या उद्दिष्टाला आधार मिळणार नाही.

८. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की किशोरवयीनांविषयीच्या शासकीय नियोजनाचा मुख्य दोष योजनांच्या अभावात नसून त्यांच्या विभागणीत आहे. प्रत्येक विभागाने किशोरवयीनाचा एकेक अवयव वाटून घेतला आहे. कोणाकडे त्याचे रक्त, कोणाकडे त्याची हजेरी, कोणाकडे त्याचे गुन्हे. चौदा ते अठरा या वयातील संपूर्ण व्यक्ती कोणाच्याच नोंदवहीत नाही.

या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

अ) शालेय भोजनाचा लाभ महाराष्ट्रात किमान दहावीपर्यंत वाढवावा. यासाठी तामिळनाडू व कर्नाटक यांचा अनुभव उपलब्ध आहे.

आ) १४ ते १८ वयाच्या मुलींसाठीच्या योजनेत जिल्हे निवडताना बालविवाहाचे प्रमाण व हंगामी स्थलांतर हे निकष धरावेत. केंद्राच्या यादीत नसलेल्या परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांची जबाबदारी राज्य शासनाने घ्यावी.

इ) केंद्रीय अर्थसंकल्पासोबत २००५-०६ पासून स्त्रियांविषयीचे व २००८-०९ पासून बालकांविषयीचे स्वतंत्र विवरण सादर होते. त्यातच १० ते १९ वयोगटाचा खर्च वेगळा दाखविला जावा, म्हणजे विभागांमधील पोकळी निदान आकड्यांत तरी दिसेल.

ई) समुपदेशनातील गोपनीयता व कायद्याने घातलेले कळविण्याचे बंधन यांच्या सीमा स्पष्ट करणारी मार्गदर्शक सूचना समुपदेशक व शिक्षक यांना मराठीत उपलब्ध व्हावी.

उ) शेवटची सूचना आपणा प्राध्यापकांसाठी आहे. पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही अठरा-एकोणीस वर्षांचा, म्हणजे किशोरवयीनच असतो, आणि अकरावीचा वर्ग तर आपल्याच इमारतीत भरतो. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, विद्यार्थिनींचे मंच, समुपदेशन कक्ष यांचा उपयोग मूल्यांकनाच्या अहवालापुरता न करता, दिवाळीच्या सुट्टीआधी कोणती मुलगी परत न येण्याची शक्यता आहे, हे ओळखण्यासाठी केला जाऊ शकतो. ग्रामीण महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, नेमणूक आहे. त्याला वेळेत कळविणारे कोणी असेल, तरच त्या नेमणुकीला अर्थ आहे.

हजेरीपटातील सलग गैरहजेरीची ती ओळ शासनाच्या कोणत्याही पाहणीच्या आधी आपल्याला दिसते. तिची नोंद केवळ हजेरीची टक्केवारी काढण्यासाठी घ्यावयाची, की त्या नावामागील मुलीची चौकशी करण्यासाठी, हे ठरविण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.